वस्तुरूप दान आणि उद्योजकांचे कर्तव्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दानाचा विषय निघणे स्वाभाविक आहे. जैन समाजाला दान नव्याने शिकवावे लागत नाही. मंदिरे, धर्मशाळा, पांजरपोळ, वसतिगृहे आणि दवाखाने यांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्या त्याची साक्ष देत उभ्या आहेत. मात्र त्या पाट्यांवर बहुधा रकमा कोरलेल्या असतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय रकमेचा नसून वस्तूचा आहे. समाजातील कितीतरी कुटुंबे कापड, औषधे, धान्य, भांडी, स्टेशनरी, प्लास्टिक यांच्या व्यापारात आणि उत्पादनात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काहींच्या पेढ्यांचे आता कंपन्यांत रूपांतर झाले आहे. प्रत्येकाच्या गोदामात असा काही माल असतोच की जो विकला जात नाही. हंगाम संपतो, चाल बदलते, खोक्यावरची छपाई चुकते, निर्यातीची मागणी ऐनवेळी रद्द होते, मुदत जवळ येते. हा माल निरुपयोगी नसतो. केवळ बाजाराच्या दृष्टीने त्याचे दिवस भरलेले असतात. तो गरजू माणसाच्या उपयोगी पडावा ही इच्छा पुष्कळांना असते. ती इच्छा सफल केव्हा होते आणि केव्हा होत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम परंपरेकडे पाहू. दिगंबर आचार्यांनी गृहस्थासाठी जी चार दाने सांगितली ती आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही होत. या चारांत नाण्यांचा उल्लेख नाही. भुकेल्याला अन्न, रुग्णाला औषध, जिज्ञासूला ग्रंथ आणि भयभीताला आश्रय, म्हणजे ज्याला जे हवे ते प्रत्यक्ष हातात, असे त्यांचे स्वरूप आहे. श्वेतांबर परंपरेतील पाच प्रकारांत अभयदान आणि सुपात्रदान यांच्या जोडीला अनुकंपादान आणि उचितदान आहे, आणि शेवटी कीर्तिदानही आहे. कीर्तीसाठी केलेल्या दानाला आचार्यांनी यादीतून वगळले नाही, फक्त त्याचे नाव स्पष्ट सांगितले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अनुकंपादानाला जात, पंथ वा गुण यांची अट नाही. साधर्मिक बांधवाला साहाय्य करणे हे श्रावकाचे कर्तव्य खरेच. परंतु अनुकंपेचे क्षेत्र त्याहून मोठे आहे, आणि वस्तुरूप दानाचा बहुतांश भाग त्या क्षेत्रात मोडतो.

तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वातींनी दानाचे फळ चार गोष्टींवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे : देण्याची रीत, दिलेले द्रव्य, देणारा आणि घेणारा. त्याच ग्रंथात अतिथिसंविभाग व्रताचे अतिचार, म्हणजे त्या व्रतात घडणारे दोष, दिलेले आहेत. त्यांतील एकाचे नाव कालातिक्रम. साधूंची गोचरीची वेळ टळून गेल्यावर आहार पुढे करणे असा त्याचा मूळ अर्थ. दुसरा दोष मात्सर्याचा : अनादराने किंवा दुसऱ्याशी स्पर्धा म्हणून देणे. हे व्रत मुख्यतः मुनींना द्यावयाच्या आहारासंबंधीचे आहे, हे खरे. पण मुदत संपत आलेल्या गोळ्यांची खोकी दवाखान्याच्या दारात उतरविली जातात आणि त्यासोबतचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, तेव्हा या दोन शब्दांखेरीज अधिक नेमके शब्द सापडणे कठीण.

व्यापाऱ्याने वस्तूच्या रूपाने केलेल्या दानाचे जैन इतिहासातील सर्वांत ठळक उदाहरण कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहांचे. तेराव्या शतकाच्या मध्यात गुजरातेत आणि आसपासच्या प्रदेशांत मोठा दुष्काळ पडला. सर्वानंदसूरींनी रचलेल्या जगडूचरितात असे वर्णन आहे की, परमदेवसूरी या गुरूंनी दुष्काळाची पूर्वसूचना दिल्यावर जगडूशाहांनी ठिकठिकाणी धान्य विकत घेऊन कोठारे भरली. दुष्काळात राजा वीसलदेवाने धान्य मागितले, तेव्हा आपले असे धान्य येथे नाहीच, असे त्यांनी सांगितले. कोठारांतील ताम्रपटांवर ते गरिबांसाठी असल्याचे आधीच लिहून ठेवलेले होते. मग त्या राजालाही आणि इतर राजांनाही त्यांनी प्रजेसाठी धान्य दिले. याच चरितात ‘लज्जापिंडा’चा उल्लेख येतो. मागण्यास संकोच करणाऱ्या कुलीन कुटुंबांना लाडवांत सुवर्णनाणी लपवून दिली जात, जेणेकरून घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. चरितग्रंथ म्हटला की गौरवाचा अंश त्यात असणारच. तरी व्यापाराच्या दृष्टीने या कथेत एक गोष्ट विलक्षण आहे. जगडूशाहांनी उरलेले धान्य दिले नाही. त्यांनी दुष्काळाच्या आधी, चांगले धान्य, द्यावयाचे म्हणूनच घेतले होते.

उरलेले देणे आणि द्यावयाचे म्हणून देणे यांतील अंतर किती महाग पडू शकते, याचा पुरावा आधुनिक काळातही उपलब्ध आहे. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात, तेव्हाच्या सोव्हिएत संघात, भीषण भूकंप झाला. जगभरातून सुमारे ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय सामग्री तेथे पोहोचली. आलेले काय आहे हे कळण्यासाठीच ५० माणसांना सहा महिने खपावे लागले. त्यातील ८ टक्के औषधांची मुदत पोहोचण्यापूर्वीच संपलेली होती, ४ टक्के थंडीने खराब झाली, आणि उरलेल्यांपैकी केवळ ३० टक्के औषधे सहज ओळखता येण्यासारखी होती. पुढे १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियात सुमारे १७,००० टन निरुपयोगी औषधे साचल्याचा अंदाज वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ती नष्ट करण्याचा खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न युद्धाने पोळलेल्या देशापुढे उभा राहिला. पाठविणारे सगळेच दुष्ट नव्हते, पण सगळेच निर्मळही नव्हते, असे म्हणणे भाग आहे. ज्या मालाच्या विल्हेवाटीला स्वतःच्या देशात पैसे मोजावे लागले असते, तो विमानात भरून दिला की गोदाम मोकळे होते आणि पुण्यही पदरी पडते, हा हिशोब काहींनी केलाच असणार.

या अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि नंतर त्यांत सुधारणा केल्या. घेणाऱ्याने सांगितलेली गरज हा दानाचा आरंभ असावा. औषध पोहोचल्यावर त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. वेष्टनावरील मजकूर तेथील डॉक्टरांना वाचता यावा. आणि देणाऱ्याच्या देशात जे दर्जाहीन ठरते ते घेणाऱ्यासाठी चालते असे मानू नये. शेवटचे तत्त्व आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पंगतीत आणि पातेल्यात वेगळे अन्न नसावे, असे जुन्या बायका सांगत.

येथे एका वस्तूचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे, कारण सद्भावनेने सर्वाधिक चूक तिच्याच बाबतीत होते. आपत्तीनंतर तान्ह्या बाळांसाठी दुधाची भुकटी आणि बाटल्या पाठविण्याची अनेकांना ओढ वाटते. ज्या छावणीत पिण्याचे पाणी दूषित आहे आणि बाटली उकळण्यास इंधन नाही, तेथे हीच भुकटी अतिसाराला निमंत्रण देते. शिवाय आईचे दूध मागे पडते, ते निराळेच. भारतात १९९२ च्या कायद्याने बालदुग्धपर्यायी पदार्थ आणि दूध पाजण्याच्या बाटल्या अनाथालयाखेरीज इतरांना दान करण्यास मनाई केली आहे. दात्याच्या मनातील करुणा आणि घेणाऱ्या बाळाचे हित यांत विरोध असू शकतो, हे मान्य करणारा असा दुसरा कायदा क्वचितच आढळेल.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मदतीचा ओघ सर्व दिशांनी आला. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने, म्हणजे शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने, भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. मुलांना त्या आठवड्यात ब्लँकेट हवे होते हे खरे. पण पुढील अनेक वर्षे त्यांना वह्या, गणवेश, अंथरूण, जेवण आणि शिक्षक हवे होते. ब्लँकेट देणारे पुष्कळ असतात. वह्या दर जूनमध्ये लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली गेल्यावरही गरजेचे चित्र असेच आठवड्यागणिक बदलत गेले. पाणी चढलेले असताना तयार अन्न आणि पिण्याचे पाणी. पाणी ओसरल्यावर खराटे, फावडी, जंतुनाशके, चटया, गाद्या. त्यानंतर जनावरांचा चारा आणि मुलांची पुस्तके. बिस्किटांचा टेम्पो पहिल्या दिवशी अमृतासमान असतो आणि पंधराव्या दिवशी तोच टेम्पो रस्ता अडवतो.

आता वस्तुरूप दान नीट झाले तर काय घडते ते पाहू. मर्क या अमेरिकन औषध कंपनीने १९८७ मध्ये आयव्हरमेक्टिन हे औषध नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगासाठी, जितके लागेल तितके आणि जोपर्यंत लागेल तोपर्यंत, विनामूल्य देण्याचे जाहीर केले. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील ज्या गावांना हा रोग होता, त्यांच्याकडे विकत घेण्याची ऐपतच नव्हती. फुकट औषध तरी गावात पोहोचणार कसे? डॉक्टर नव्हते, वजनाचे काटे नव्हते. त्यावर निघालेला उपाय अत्यंत साधा आहे : खुणा केलेली एक काठी. माणसाला काठीशेजारी उभे करावयाचे आणि उंची ज्या खुणेपर्यंत येईल तितक्या गोळ्या द्यावयाच्या. गावातीलच स्वयंसेवकांना हे काम शिकविण्यात आले. २०१३ मध्ये कोलंबियात हा रोग संपल्याचे प्रमाणित झाले, नंतर इक्वाडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला, आणि २०२५ मध्ये आफ्रिकेतील पहिला देश म्हणून नायजर. हेच औषध अंतर्भूत असलेली तीन औषधांची उपचारपद्धती हत्तीरोगाविरुद्ध भारतात ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम अवलंबिली गेली, त्यांत नागपूर जिल्हा होता. कंपनीने औषध दिले यात मोठेपणा आहेच. पण काठी शोधणाऱ्याशिवाय आणि गोळ्या वाटणाऱ्याशिवाय ते औषध बंदरावरच राहिले असते.

भारतातील उदाहरण अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेचे आहे. शहरांतील घरांतून आणि कंपन्यांतून आलेले कपडे व इतर वस्तू तेथे निवडल्या, धुतल्या, दुरुस्त केल्या जातात आणि मगच गावाकडे जातात. गावात त्या भिक्षा म्हणून वाटल्या जात नाहीत. गावकरी स्वतः ठरवून विहीर खणतात, बंधारा घालतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपड्यांची व सामानाची पिशवी घेतात. वापरण्याजोगे न राहिलेले सुती कापडही वाया जात नाही. त्यापासून स्त्रियांसाठी मासिक पाळीच्या घड्या तयार होतात. या विषयावर बोलण्याचा संकोच समाजात आजही आहे. परंतु सुती कापडाअभावी स्त्रिया काय काय वापरतात हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना चिंधीची किंमत सांगावी लागणार नाही. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. श्रमाच्या बदल्यात वस्त्र देण्याची ही रीत आणि जगडूशाहांचा लज्जापिंड यांच्यामध्ये साडेसातशे वर्षांचे अंतर आहे. दोन्हींमागे घेणाऱ्याच्या स्वाभिमानाची एकच चिंता दिसते.

भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे नाव श्रोत्यांना परिचित आहे. देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ मध्ये जयपूरला स्थापन केलेली ही संस्था गरजूंना कृत्रिम पाय विनामूल्य बसवून देते. पायाच्या वरच्या भागासाठी वापरला जाणारा एचडीपीई पाइप हा शेतात पाणी नेणाऱ्या पाइपांच्याच जातीचा. कारखान्यातील अगदी सामान्य माल योग्य कारागिराच्या हाती पडला की माणूस उठून चालू लागतो, याहून वेगळे प्रमाण कशाला हवे?

मग आपल्याकडील कंपन्या हे अधिक प्रमाणात का करीत नाहीत? इच्छेचा अभाव हे एक कारण असेल, पण एकमेव नाही. कायद्याची रचना येथे आड येते, आणि व्यापारी समाजाने ती समजून घेणे अगत्याचे आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार, १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. परंतु दिलेल्या मालाची किंमत लावून ती या खर्चात दाखविता येत नाही, असे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले. आयकरातील, व्यापारीवर्गाला ‘८० जी’ या नावाने परिचित असलेली वजावट रकमेच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही. आणि वस्तू व सेवा कराच्या कायद्याचे कलम १७(५) याहून कठोर आहे. हरवलेला, चोरीस गेलेला, नष्ट केलेला आणि भेट म्हणून दिलेला माल त्याने एकाच ओळीत बसविला आहे. यांपैकी कशावरही खरेदीच्या वेळी भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही.

याचा अर्थ असा की, एखाद्या कारखानदाराने हजार स्वेटर जाळले काय आणि अनाथाश्रमाला दिले काय, कराच्या हिशोबात दोन्ही सारखेच. दिले तर वर टेम्पोचे भाडे. शिवाय ‘आपला शिक्का असलेला माल बाजारात स्वस्तात परत येईल’ ही भीती. म्हणून तो गोदामातच पडून राहतो किंवा चिंध्यांच्या भावाने जातो. किंमत मोठी दाखवून क्रेडिट लाटणारे निघतील ही सरकारची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. वस्तूच्या किमतीत हातचलाखी करणे रोख रकमेपेक्षा सोपे असते. तरीही नाश आणि दान यांना एका मापाने मोजणे ही अहिंसेच्या देशाला शोभणारी गोष्ट नव्हे. फ्रान्सने २०१६ मध्ये मोठ्या दुकानांना न विकलेले खाद्यपदार्थ नष्ट करण्यास बंदी केली आणि २०२० च्या कायद्याने ती अखाद्य वस्तूंनाही लावली. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये उरलेल्या अन्नाच्या संकलन व वाटपासंबंधी विनियम केले, ही चांगली सुरुवात आहे. कराच्या बाबतीत मात्र व्यापारी संघटनांनीच एकत्र येऊन निवेदन करावे लागेल, आणि त्या संघटनांमध्ये जैन समाजाचा आवाज लहान नाही.

कायदा बदलेपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. कंपनी आणि गरजू यांच्यामध्ये विश्वासाचा एक दुवा लागतो, आणि स्थानिक ट्रस्ट तो सहज होऊ शकतो. मोठ्या कंपनीला शंभर ठिकाणी दहा दहा वस्तू देणे परवडत नाही. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकाला कंपनीचे दार ठाऊक नसते. ट्रस्टकडे जागा आहे, माणसे आहेत, आणि पन्नास वर्षांचे नाव आहे. त्याने करावयाचे काम कंटाळवाणे आहे, हे आधीच सांगितलेले बरे : माल मोजणे, मुदत तपासणे, फाटके बाजूला काढणे, नोंदवही ठेवणे, आणि जे नको ते नम्रपणे परत करणे. परत करण्याचे काम सर्वांत अवघड, कारण देणारा बहुधा परिचित किंवा नातलग असतो. खाद्यपदार्थांच्या बाबतीत ट्रस्टने आपली आहारमर्यादा पाळावी आणि ती कंपनीला आधीच लेखी कळवावी. दारात आलेला माल धर्माचे नाव सांगून फिरविणे दोघांनाही अवघड होते.

पावतीवर रकमेऐवजी वस्तूचे नाव, नग, मुदत आणि पोहोचल्याची तारीख असावी, आणि खाली घेणाऱ्या संस्थेच्या जबाबदार व्यक्तीची सही. महिन्याभराने तिला एक प्रश्न विचारावा : दिलेल्यापैकी काय वापरात आले आणि काय तसेच पडून आहे? उत्तर देण्याची तिला मोकळीक वाटली पाहिजे. पुढच्या वेळी काही मिळणार नाही या भीतीने सर्व घेणारे ‘छान आहे’ असेच म्हणतात. वाटपाच्या प्रसंगी घेणाऱ्याचे छायाचित्र काढू नये. दात्याचे हवे तर काढावे. कीर्तिदानालाही परंपरेत जागा आहे.

आणखी एक व्यावहारिक बाब. बहुतेक पेढ्यांवर आणि कंपन्यांत ३१ मार्चला मालाची मोजदाद होते, आणि पडून राहिलेला माल त्याच वेळी मालकाच्या नजरेस येतो. शाळा जूनमध्ये उघडतात. परिसरातील शाळा, वसतिगृहे, वृद्धाश्रम आणि दवाखाने यांच्याकडून काय हवे, किती हवे आणि केव्हा हवे याची यादी ट्रस्टने फेब्रुवारीतच मागवून ठेवली, तर मोजदादीच्या दिवशी ती प्रत्येक दुकानदाराच्या हाती असेल. एप्रिल आणि मे हे दोन महिने निवडण्यास, बांधण्यास आणि पोहोचविण्यास पुरतात.